खुडूक

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात कॅनडाहून माझ्या भाचीचा फोन आला. तिकडे एका लहानशा गावी ती राहते. घरामागे थोडी मोकळी जागा आहे आणि तीत तिने पाच-सहा कोंबड्या पाळल्या आहेत. त्यांतली एक ऐन बर्फात खुडूक झाली होती. शेजारीपाजारी सांगत होते की, हिला उठव, या दिवसांत अंडी बसवलीस तर अंडीही जातील आणि कोंबडीही जाईल. भाचीने विचारले, "मामा, आजी तर हिवाळ्यातच अंडी बसवायची ना? ती काय करायची, तुम्हाला आठवतं का?"

आठवते तर सगळेच. पण फोनवर काय सांगावे हे मला चटकन सुचेना. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या, लढाया, तह हे सारे मला तोंडपाठ आहे. तरीही ज्या पक्ष्याने माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च चालवला, त्याचा इतिहास मी कधी धुंडाळला नव्हता, ही गोष्ट त्या दिवशी मला थोडी टोचली. पुढचे काही महिने मी तोच उद्योग केला. त्यातून जे हाती लागले ते येथे सांगतो.

आधी आमच्या गावाविषयी दोन शब्द. सिंदी (रेल्वे) असे आमच्या गावाचे नाव कंसासकट लिहिले जाते. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे, म्हणून आम्हाला रेल्वेची ओळख लावून घ्यावी लागते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी १८६७ साली वर्ध्यावरून नागपूरला पोचली, त्याच वाटेवर हे गाव आहे. आजूबाजूला काळी जमीन, कापूस आणि तूर. गावाचे नाव बाहेर गाजते ते तान्ह्या पोळ्यामुळे. लहान मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. बैलाला असा मोठ्यांचा एक पोळा आणि मुलांचा एक, असे दोन दोन सण आहेत. कोंबडीला एकही नाही. सणाच्या दिवशी ती असते, पण ताटात.

आमच्याकडचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे, हिवाळ्याची मात्र कोणाला फारशी कल्पना नसते. नागपूरचा पारा ७ जानेवारी १९३७ रोजी ३.९ अंशांवर उतरला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ पर्यंत गेला. कॅनडाच्या मानाने ही थंडी म्हणजे काहीच नव्हे. परंतु कुडाच्या घरात, अंगावर एक गोधडी घेऊन झोपणाऱ्याला ती पुरेशी असते. अशाच रात्री आमच्या घरी, चुलीच्या मागल्या कोपऱ्यात, आईची कोंबडी अंड्यांवर बसलेली असे.

आईची रीत ठरलेली होती. दिवाळी झाली की कोंबड्या अंड्यावर येत. बारा-पंधरा अंडी घातली की एखादी अंग फुगवून, खुराड्याचा कोपरा धरून बसे. हात लावला तर टोची, दाणे टाकले तरी उठत नसे. आई म्हणे, "खुडूक झाली माय." मग एक जुने टोपले काढायचे, तळाशी राख, वर कुटार. अंडी एकेक करून दिव्यासमोर धरून पाहायची. पौषात नऊ, माघ-फाल्गुनात अकरा किंवा तेरा, सम आकडा कधी नाही. टोपल्याच्या तळाशी लोखंडाचा एक तुकडा आणि कोळसा ठेवायचा. त्याने म्हणे विजेच्या कडकडाटाने अंडी नासत नाहीत. मग अंधार पडल्यावर कोंबडीला उचलून अलगद वर बसवायचे. एकदा पाहुणे आले आणि नेमकी तीच कोंबडी कोणाच्या तरी डोळ्यांत भरली. आई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "तिले हात लावू नोका. ते बसली हाये." त्या दिवशी पाहुण्यांनी पिठले खाल्ले.

एकवीस दिवसांनी पिल्ले फुटत. होळीपर्यंत ती हाताबाहेर जात आणि मृगाच्या तोंडावर कोंबडे विकायला तयार होत. पेरणीचा खर्च आणि शाळा उघडण्याचा खर्च एकाच वेळी दारात येतो, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. बियाण्याचे पैसे बाप कोठून तरी उभे करी. आमच्या वह्या-पुस्तकांचे पैसे पौषातल्या त्या टोपल्यातून येत.

आता प्रश्न असा की, एवढे बारीक ज्ञान आपल्या एकाही जुन्या पोथीत का नसावे? त्याचे उत्तर पोथ्यांतच आहे. मनुस्मृतीने लसूण, कांदा आणि गावडुकर यांच्या पंगतीत ग्रामकुक्कुटाला बसवून द्विजांना तो वर्ज्य ठरवला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच 'गावचा कोंबडा अभक्ष्य' हे वाक्य उदाहरणादाखल घेतले आहे. गावचा अभक्ष्य म्हटले की रानचा भक्ष्य, हे आपोआप समजते, असा त्याचा मुद्दा. म्हणजे व्याकरण शिकवण्यापुरता कोंबडा शास्त्रात आला, आणि खुराड्यापर्यंत शास्त्र कधी गेले नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या घरी कोंबडी नव्हती आणि ज्यांच्या घरी कोंबडी होती त्यांच्या हाती लेखणी नव्हती. शिवाय कोंबडी राखणे हे बायकांचे काम. त्यामुळे ती विद्या आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे तोंडीच चालत आली.

युरोपात असा विटाळ नव्हता, म्हणून तिकडे लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवले. अॅरिस्टॉटलने आपल्या प्राणिग्रंथात सांगितले आहे की, इजिप्तचे लोक अंडी उकिरड्यात पुरतात आणि त्या उष्णतेने ती फुटतात. त्याने सिराक्यूजच्या एका दारुड्याचीही गोष्ट दिली आहे. त्याने म्हणे चटईखाली अंडी ठेवली आणि पिल्ले फुटेपर्यंत तो पीतच बसला. पण मला खरा चकित केला तो कोलुमेला या रोमन शेतीलेखकाने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा माणूस लिहितो की, जानेवारीत पंधराच अंडी बसवावीत, त्याहून जास्त नकोत; मार्चमध्ये एकोणीस; एप्रिलपासून एकवीस. आकडा नेहमी विषम असावा. आणि पुढे तो सांगतो की, विजेच्या गडगडाटापासून जपण्यासाठी लोक पेंढ्याखाली लोखंडी खिळे आणि लसणीच्या गाठी ठेवतात. हे वाचताना माझ्या हातातले पुस्तक तसेच राहिले. माझ्या आईला रोम हे नावही ऐकून माहीत नव्हते. हा समज तिकडून इकडे आला की इकडून तिकडे गेला, या वादात मी पडत नाही. मला इतकेच वाटते की, कोंबडीच्या अंगाखाली थंडीत किती अंडी मावतात याचा हिशेब ज्याला पोटासाठी करावा लागतो, तो कोठेही एकाच उत्तराशी येऊन पोचतो. विषम आकड्याचे आणि लोखंडाचे मर्म मला अजूनही उमगलेले नाही. थंडीत अंडी कमी ठेवायची, याचे मर्म मात्र सरळ आहे. जे अंडे पिसांच्या बाहेर राहील ते गार पडणार.

प्लिनीने लिव्हियाची हकीकत सांगितली आहे. टायबेरियस पोटात असताना तिला मुलगा होणार की मुलगी हे पाहायचे होते. म्हणून तिने एक अंडे आपल्या छातीशी धरून उबवले. ते खाली ठेवण्याची वेळ येई तेव्हा ती दाईच्या छातीशी देई, म्हणजे ऊब तुटत नसे. त्यातून तुरेवाला कोंबडा निघाला. ही कथा वाचल्यावर मला माझी एक जुनी चूक आठवली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. विसाव्या दिवशी अंड्याच्या आतून पिल्लाचा बारीक आवाज येतो. तो सवंगड्यांना ऐकवावा म्हणून भल्या पहाटे मी कोंबडीखालचे एक अंडे काढून ओट्यावर नेले. सगळ्यांनी कान लावून ऐकले, मग कोणीतरी विटीदांडू काढला आणि अंडे ओट्यावरच राहिले. पौषातली सकाळ होती. आईला ते दिसले तेव्हा त्याला चीर गेली होती आणि आतला आवाज थांबला होता. तिने मला मारले नाही. ते अंडे तिने पदरात धरले आणि बराच वेळ ती चुलीजवळ बसून राहिली. संध्याकाळी तिने ते नेऊन पुरले. तिच्या हिशेबात त्या दिवशी जून महिन्यातला एक कोंबडा गेला होता, हे मला फार उशिरा कळले.

थंड मुलुखातल्या माणसाची अडचण वेगळी होती. पॅरिसला हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सव्वा आठ तासांचा असतो. कोंबडीचे अंडे देणे आणि खुडूक होणे दिवसाच्या लांबीशी बांधलेले आहे. दिवस आखडला की ती अंडी थांबवते, मग बसणार कशावर? कोलुमेलासुद्धा एक ऑक्टोबरनंतर हा उद्योग व्यर्थ म्हणतो, कारण गारठ्यात निघालेली पिल्ले बहुधा मरतात. पण श्रीमंतांच्या टेबलाला वसंताच्या आरंभीच कोवळे पिल्लू हवे असे आणि त्याला दामही चढा मिळे. म्हणून हिवाळा जिंकण्याची खटपट सुरू झाली. ज्याच्या नावाचा उष्णतामापक आहे त्या रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ साली एक ग्रंथच लिहिला. पाळीव पक्ष्यांची पिल्ले 'कोणत्याही ऋतूत' कशी काढावीत, हा त्याचा विषय. इजिप्तमधले उबवणीचे भट्टे त्याने अभ्यासले होते. तिथले कसबी लोक अंडे डोळ्याच्या पापणीला लावून उष्णता ओळखत आणि एकेका भट्टीत हजारो अंडी काढीत. रेओम्यूरने पापणीच्या जागी तापमापक आणला आणि सडत्या खताच्या उबेवर पिपांत अंडी ठेवून पाहिली. पुढल्या शतकात फ्रान्समधल्या धंदेवाल्यांनी आणखी एक युक्ती चालवली. टर्कीच्या माद्यांना अंधाऱ्या खोलीत टोपल्यांत कोंडून ते बळेच अंड्यांवर बसवीत आणि एक बॅच निघाली की लगेच दुसरी खाली सारीत. त्या मुक्या जिवांकडून महिनोन्महिने यंत्रासारखे काम घेतले जाई.

तरीही हिवाळ्यातली पिल्ले दगावत. घरात ऊब होती, दाणा होता, पण पिल्लांचे पाय वाकत आणि ती बसकण मारीत. याचे कारण १९२०च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे आणि अन्यत्र उलगडले. पिल्लांना थंडी मारीत नव्हती, अंधार मारीत होता. काचेआड, छपराआड त्यांना ऊन मिळत नव्हते आणि उन्हावाचून अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नव्हते. कॉड माशाचे तेल चारले की पाय सरळ होत.

हे वाचून मी आमच्या अंगणाकडे नव्याने पाहिले. सिंदीला हिवाळ्यात रात्र गार असली तरी दिवस लखलखीत उन्हाचा असतो. सर्वांत लहान दिवसही अकरा तासांना थोडाच कमी, म्हणून कोंबडी अंडी थांबवीत नाही. उलट उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की, नुसते ठेवलेले अंडेही कोंबडीवाचून अर्धवट उबते आणि नासते. साधारण चोवीस अंशांखाली अंड्यातला जीव झोपलेला राहतो. म्हणूनच आई पौषात दहा-बारा दिवस अंडी जमवू शके आणि वैशाखात तिला तसे करता येत नसे. पावसाळ्यात ओल, साप, मुंगूस आणि रोगराई. शिवाय पौष-माघ म्हणजे ज्वारीच्या खळ्याचे दिवस. मळणीत सांडलेला दाणा कोंबडीला फुकट मिळे आणि पिल्लांना कोवळे ऊन फुकट मिळे. थंड देशांना जे भट्ट्या, तापमापक आणि माशाचे तेल लावून साधावे लागले, ते आमच्या आयाबायांना ऋतूची निवड करूनच साधले होते. हिवाळा त्यांना जिंकायचा नव्हताच. तो त्यांच्या कामाचा होता.

पण याच ऋतूवर आणखी कोणाचीही नजर होती. मध्य प्रांतातले इंग्रज अधिकारी दौऱ्यावर निघत ते हिवाळ्यात. तंबू पडले की रसद मागितली जाई. दूध, लाकूड, गवत, कोंबड्या, अंडी. दाम कधी मिळे, कधी वाटेतच जिरे. दौऱ्याचा हंगाम आणि कोंबडी बसण्याचा हंगाम एकच. किती घरच्या टोपल्यांवरून कोंबडी उठवून नेली गेली असेल, याची नोंद कोणत्या दफ्तरात सापडणार?

आमच्या जिल्ह्याचा उल्लेख या इतिहासात आणखी एका प्रकारे येतो. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहायला गेले. त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी म्हटले आहे की, ज्या अंड्यातून कधीच पिल्लू निघणार नाही, ते दूध पिणाऱ्याने खायला हरकत नसावी. त्यांची दृष्टी अहिंसेची होती. बाजाराने पुढे याच अंड्याचा स्वीकार केला, पण निराळ्या कारणाने. ज्या अंड्याला कोंबडा लागत नाही ते स्वस्त पडते आणि टिकतेही अधिक.

या नव्या अंड्याच्या वाटेत खुडूक कोंबडी ही धोंड होती. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, कारण दर वेळी ती बसते आणि मग पिल्ले सांभाळते. हे बसणे बंद झाले तर अंडी वाढतील, हे उघड होते. लेगहॉर्नसारख्या जातींतून ही वृत्ती निवडीने काढून टाकली गेली. १८७९ साली कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा येथे उबवणीचे यंत्र तयार झाले आणि आईचे काम पेटीकडे गेले. १९३५ साली ऑस्कर रिडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, प्रोलॅक्टिन हा अंतःस्राव टोचला की कोंबडी खुडूक होते. ज्याला आपण माया म्हणतो त्याचे रसायन सापडले. आपल्या देशात १९३९ साली इज्जतनगरला कुक्कुट संशोधन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर सरकारी उबवणी केंद्रे निघाली. आपल्या राज्यात खडकी, नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूर येथे ती उभी राहिली. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली. आज संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते.

या सुधारणेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरात अंडे हे विकायचे किंवा बसवायचे असे. खायचे ते आजाऱ्याने किंवा बाळंतिणीने. आज मजुराच्या मुलालाही ते परवडते, ही लहान गोष्ट नव्हे. पण जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अंगणासाठी म्हणून काढलेल्या गिरिराज, वनराज या जाती वजनाला भारी आणि अंड्याला चांगल्या आहेत, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. पिल्ले संपली की पुन्हा केंद्रातून आणायची. आईला पुढली पिढी कधी विकत घ्यावी लागली नाही. मानमोडीची साथ येई आणि खुराडे रिकामे होई. तेव्हा एखादी शेजारीण नऊ अंडी आणि खुडूक कोंबडी उसनी देई, की पुढल्या मृगापर्यंत घर पुन्हा भरे. व्याज म्हणून एक पिल्लू द्यायचे. खुडूक होणे हा दोष ठरला तेव्हा ही सारी व्यवस्थाच दोषात जमा झाली. आपली भाषाही त्यात सामील आहे. रिकामटेकड्या माणसाला आपण 'खुडूक होऊन बसलाय' म्हणून हिणवतो. ज्याने एकवीस दिवस पोटभर दाणाही न खाता काम केले, त्याचे नाव आपण आळशाला दिले.

आता सिंदीच्या आसपास ज्वारीची खळी जवळपास संपली, सोयाबीन आले. गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम हिंडून पाहिले. गावाच्या टोकाशी पाच-सहा घरे पालथी घातली तेव्हा एका म्हातारीकडे टोपल्यात बसलेली कोंबडी दिसली. मी आकडा विचारला. "नऊ," ती म्हणाली. "पौष हाये ना, बापू."

भाचीला मी शेवटी आईचीच रीत सांगितली. कोंबडीला उठवू नको. वाऱ्याच्या आड, जमिनीपासून वर, गवताचा जाड थर दे. नऊच अंडी ठेव. रोज एकदा ती दाणापाण्याला उठेल, तेव्हा पाणी गोठलेले नसावे एवढे पाहा, आणि ती दहा-पंधरा मिनिटांनी परतते की नाही हे बघ. पिल्ले निघाली की त्यांना ऊन दाखव, आणि ऊन नसेल तर 'ड' जीवनसत्त्व घातलेले खाद्य दे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. नवांपैकी सहा फुटली होती. एक पिल्लू दुसऱ्या दिवशी गेले, पाच उरली. बाहेर बर्फ होते आणि फोनवर मला त्यांचा आवाज ऐकू येत होता.

तिने विचारले की, आता या पिल्लांतही ही वृत्ती उतरेल का? तिच्या कोंबड्यांचे कूळ तिला ठाऊक नाही. विकत आणलेल्या मिश्र जातीच्या आहेत. मी तिला डार्विनचे म्हणणे सांगितले. १८६८ सालच्या ग्रंथात त्याने नोंदले आहे की, न बसणाऱ्या दोन जातींचा संकर केला तर त्यांच्या संततीत पुष्कळदा बसण्याची वृत्ती पुन्हा प्रकट होते. म्हणजे ती मेलेली नसते, दबलेली असते. तेव्हा टोपले टाकून देऊ नको, एवढेच मी तिला म्हटले.